'सिंकोपेटेड' या शब्दात कोणाचे हात आहेत?

एआयकडून संगीत बनवून घेणारं कुठलंही अ‍ॅप उघडा. समोर एक रिकामा चौकोन असतो. त्यात हवं ते लिहायचं, बटण दाबायचं, थोडं थांबायचं, गाणं तयार. या चौकोनात भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे काही शब्द हमखास टाकले जातात. त्यातला एक म्हणजे 'सिंकोपेटेड'. सिंकोपेटेड बेस, सिंकोपेटेड ड्रम्स, सिंकोपेटेड पियानो. शब्द भारदस्त आहे आणि तो टाकला की काहीतरी झकास होईल अशी आशा असते.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहिते आणि रात्री हेडफोन लावून या चौकोनांशी खेळते. त्यामुळे मला दोन प्रश्न पडले. हा शब्द टाकल्यावर यंत्राच्या आत नेमकं काय होतं? आणि ज्याला आपण सिंकोपेशन म्हणतो ते मुळात कुणी, कशासाठी वाजवलं? पहिला प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे, दुसरा इतिहासाचा. पण दुसऱ्याचं उत्तर माहीत नसेल तर पहिल्याचं अर्धंच कळतं.

आधी टाळी वाजवून बघा

पायानं सावकाश ठोके द्या : एक, दोन, तीन, चार. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये मनात 'आणि' म्हणा. आता पाय तसाच चालू ठेवून टाळी फक्त 'आणि'वर वाजवा. पाय आणि हात एकमेकांशी भांडायला लागतात, आणि त्या भांडणात मजा येते. जिथे जोर अपेक्षित आहे तिथे तो न देणं आणि जिथे अपेक्षित नाही तिथे देणं, एवढंच सिंकोपेशन. शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ कापून टाकणं. अचानक शुद्ध हरपण्याला डॉक्टर जो शब्द वापरतात तोही याच मुळातला.

यातली महत्त्वाची अट लक्षात ठेवा. पाय थांबला तर हातातली गंमत संपते. मूळ ठोका पक्का असेल तरच तो चुकवता येतो. ही अट पुढे यंत्रापाशी पुन्हा भेटेल.

ढोल काढून घेतले, ठेका राहिला

आज जगभरच्या पॉप संगीतात जे सिंकोपेशन ऐकू येतं, त्याचा मोठा भाग अमेरिका खंडात नेलेल्या आफ्रिकन गुलामांकडून आला आहे. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केलं. स्टोनो बंड म्हणून ते ओळखलं जातं. बंडखोर ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथे कायदा झाला आणि गुलामांना ढोल आणि शिंगं बाळगण्यास बंदी आली. ढोल म्हणजे दूरवर निरोप पोचवण्याचं साधन, अशी मळेवाल्यांना भीती होती.

ढोल गेले तेव्हा ठेका शरीरावर आला. मांडी, छाती, हात, पाय यांवर ताल धरायचा. याला 'पॅटिंग जुबा' म्हणत. एक अंग ठोका सांभाळतं, दुसरं तो मोडतं.

फ्रेंच आणि स्पॅनिश अमलाखाली राहिलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये चित्र थोडं वेगळं होतं. तिथे गुलामांना रविवारी एकत्र जमता येई. १८१७ साली शहरानं हे जमणं एका ठरावीक जागेपुरतं मर्यादित केलं. तीच पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. १८१९ मध्ये वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी तिथलं वादन पाहिलं आणि वाद्यांची चित्रं काढून ठेवली. आपल्याकडे वाद्यांची चित्रं आहेत. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत.

याच शहरात १८२९ साली जन्मलेला पियानोवादक लुई मोरो गॉटशाल्क यानं 'बांबुला' ही रचना इथल्या एका क्रिओल गाण्यावरून केली आणि ती युरोपात गाजवली. कागदावर नाव गॉटशाल्कचं आलं. ठेका कागदावर चढला आणि ज्यांचा होता त्यांचं नाव खालीच राहिलं. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ठेका ज्या ज्या नव्या माध्यमात गेला, तिथे हेच बहुतेकदा घडलं. बहुतेकदा, नेहमी नाही. अपवादाची गोष्ट जास्त कामाची आहे.

एक प्रत, एक सेंट

तो अपवाद म्हणजे स्कॉट जॉप्लिन. मिझुरी राज्यातल्या सिडेलिया गावात पियानो वाजवणारा कृष्णवर्णीय संगीतकार. १८९९ साली त्याची 'मेपल लीफ रॅग' प्रकाशित झाली. यात डावा हात घड्याळासारखा चालतो आणि उजवा हात त्याच्या मधल्या फटींमध्ये स्वर टाकतो. मघाची पाय आणि टाळीची गंमत इथे दोन हातांत वाटली गेली.

त्या काळी असे अनेक संगीतकार काही डॉलर एकरकमी घेऊन रचना विकून मोकळे होत. जॉप्लिननं प्रकाशक जॉन स्टार्कबरोबर वकिलामार्फत करार केला : विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे एक सेंट. रक्कम आज हास्यास्पद वाटेल. पण ठेका जितका पसरेल तितका मोबदला मिळेल, हे तत्त्व त्या एका सेंटात होतं.

१९०८ मध्ये जॉप्लिननं 'स्कूल ऑफ रॅगटाइम' ही छोटी पुस्तिका काढली. त्यात सहा सराव आहेत. नुसतं लयदार वाजवा असं सांगून तो थांबत नाही. कुठला स्वर कुठल्या ठोक्याच्या आधी सुरू होतो आणि किती लांबतो, हे तो स्वरलिपीत खुणा करून दाखवतो. सिंकोपेशन असलं म्हणून संगीत हलक्या दर्जाचं ठरत नाही, हेही बजावतो. रॅग भरधाव वाजवू नका ही त्याची सूचना तर त्याच्या अनेक छापील रचनांवर आढळते.

बजावण्याची गरजही होती. १९०१ साली अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं आपल्या सभासदांनी रॅगटाइम वाजवू नये असा ठराव केला होता. १९२१ साली 'लेडीज होम जर्नल'मध्ये अ‍ॅन शॉ फॉकनर यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच सवाल होता की सिंकोपेशनमध्ये जे 'सिन' म्हणजे पाप आहे, ते जॅझनं घातलंय का. ज्या शब्दासाठी एकेकाळी अब्रू जायची, तो आज आपण चौकोनात सहज टाकतो.

मसावि आणि भजनी ठेका

आता या ठेक्यांच्या आतलं गणित बघू, कारण ते आपल्या घरापर्यंत येतं.

क्युबा आणि न्यू ऑर्लिन्सच्या संगीतात एक आकृती सतत भेटते. तिचं नाव 'त्रेसिय्यो'. आठ समान घरं घ्या आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या घरात ठोका द्या :

धा ऽ ऽ धा ऽ ऽ धा ऽ

तीन, तीन, दोन. जॅझचा एक आद्य संगीतकार जेली रोल मॉर्टन यानं १९३८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी दिलेल्या मुलाखतींत सांगितलं की हा 'स्पॅनिश' रंग नसेल तर जॅझला चव येत नाही. याच आकृतीत आणखी दोन ठोके भरले की 'सिंकिय्यो' होतो : पहिलं, तिसरं, चौथं, सहावं आणि सातवं घर.

२००५ साली संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टूसाँ यांनी एक शोधनिबंध लिहिला. शाळेत आपण मसावि काढायला शिकतो ती भागाकाराची रीत युक्लिडची. टूसाँ यांनी दाखवलं की आठ घरांत तीन किंवा पाच ठोके शक्य तितके समान अंतरावर टाकायचे असतील तर हीच रीत वापरता येते, आणि उत्तर म्हणून नेमके त्रेसिय्यो आणि सिंकिय्यो मिळतात. तशीच रीत अमेरिकेतल्या एका न्यूट्रॉन यंत्रणेच्या टायमिंगसाठीही वापरली गेली होती. आठाला तिनानं किंवा पाचानं पूर्ण भाग जात नाही. अंतरं थोडी कमीजास्त होतात आणि त्या कमीजास्तातच ठेका डुलतो.

आता भजनी ठेक्याचं सर्रास वाजवलं जाणारं रूप म्हणून बघा :

धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ

घरं मोजा. पहिलं, तिसरं, चौथं, सहावं, सातवं. हीच ती पाच ठोक्यांची आकृती. गावच्या देवळात पखवाज किंवा तबल्यावर ऐकलेला ठेका आणि कॅरिबियन बेटांवरचा ठेका एकाच गणितात बसतात. याचा अर्थ एकानं दुसऱ्याकडून घेतला असा नाही. आठात पाच नीट बसवायचे तर माणसाचा कान जगात कुठेही साधारण एकाच जागी पोचतो, इतकंच.

आपल्याकडे या खेळाला शब्दही जुने आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. हुद्दा हिशेबखात्याच्या प्रमुखाचा. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गीत आणि ताल यांची सुरुवात कशी जुळते याचे प्रकार दिले आहेत : सम, अतीत, अनागत. आजही तबलजी सम चुकवून तिच्या जरा आधी किंवा जरा नंतर उतरले की जाणकार श्रोते अतीत-अनागत म्हणत दाद देतात. लय दीडपट करून तिरकी चाल धरली की ती आड. 'सिंकोपेटेड' या एका विशेषणात जे कोंबलं जातं, त्यासाठी आपल्याकडे वेगवेगळी नावं आहेत.

जाळीतला ठोका

कागदानंतर ठेका यंत्रात गेला. १९८० साली रोलँड कंपनीचं टीआर-८०८ आलं. सोळा बटणांची ओळ, प्रत्येक बटण म्हणजे एक घर. कुठल्या घरात ठोका हवा ते ठरवायचं. त्रेसिय्यो बसवायला काही सेकंद पुरतात. पण ठोका पडतो तो घराच्या बरोबर सुरुवातीला. माणसाचा हात असा पडत नाही.

अभियंता रॉजर लिन यांनी याच सुमारास एलएम-१ या आपल्या ड्रम मशीनमध्ये 'स्विंग'ची सोय दिली आणि पुढे १९८८ च्या एमपीसी-६० या यंत्रातही ती आली. कल्पना सोपी आहे. दोन लागोपाठच्या घरांचा एकत्र वेळ शंभर धरा. दोघांना पन्नास-पन्नास दिले की चाल सरळ. पहिल्याला ६६ दिले की दुसरा ठोका उशिरा येतो आणि चाल झुलते. डेट्रॉइटच्या जे डिला यानं याच कुळातल्या एमपीसी-३००० वर काही ठोके जाळीत ठेवले आणि काही मुद्दाम बाहेर सोडले. तो २००६ मध्ये वारला. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

म्हणजे यंत्र ताठ होतं तेव्हा माणसांनी त्याला वाकवण्याच्या जागा शोधल्या. हा भाग आनंदाचा आहे. पुढचा तसा नाही.

सहा-सात सेकंद

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ड्रमर ग्रेगरी कोलमन यानं चार आवर्तनं एकट्यानं वाजवली. जेमतेम सहा-सात सेकंद. पहिली दोन सरळ, मग स्नेअरचा ठोका अपेक्षेपेक्षा उशिरा सरकतो. सॅम्पलर आल्यावर हा तुकडा कापून हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडमधले जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार त्यावरच उभे आहेत.

कोलमनला याचे पैसे मिळाले नाहीत. २००६ साली तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, तेव्हा कोलमन जाऊन नऊ वर्षं झाली होती. जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्ड याची कथाही याच जातीची. गाण्याचं नाव 'ड्रमर', पण रचनेच्या श्रेयात ड्रमर नाही.

कायदा याबाबत तोकडा पडतो. चाल आणि शब्दांचं श्रेय नोंदवलं जातं, ठेक्याचं सहसा नाही. रेकॉर्डिंगला अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या ध्वनिमुद्रणांना. कोलमनचे ते सेकंद त्याच्या आधीचे.

यंत्राला सम माहीत नसते

आता त्या रिकाम्या चौकोनाकडे येऊ. ज्या मॉडेलांची रचना जाहीर झाली आहे त्यांतलं एक म्हणजे मेटाचं म्युझिकजेन, जून २०२३ चं. ते सुमारे २० हजार तासांच्या, परवाना घेतलेल्या संगीतावर शिकवलं गेलं. त्याच्या दृष्टीनं एक सेकंदाचं संगीत म्हणजे पन्नास पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चार आकडे. आधीचे आकडे आणि तुमचे शब्द बघून पुढचे आकडे कुठले असावेत याचा ते अंदाज बांधतं. आत ड्रम नाही, आवर्तन नाही, पहिली मात्रा कुठेही लिहिलेली नाही. ८०८ ला निदान सोळा घरं ठाऊक होती. याला फक्त सवय ठाऊक आहे.

इथे एक पेच आहे. सिंकोपेशन म्हणजे अपेक्षाभंग, आणि हे यंत्र तर सर्वात अपेक्षित पुढचा आकडा शोधायला शिकलेलं. मग ते काय करतं? ज्या रेकॉर्डिंगच्या वर्णनात असे शब्द होते, त्यांची सरासरी काढतं. फंक आणि जॅझमध्ये हजारदा झालेला अपेक्षाभंग त्याच्यासाठी आता अपेक्षित झाला आहे. म्हणून एवढा एकच शब्द टाकला की मला बहुतेकदा गुळगुळीत फंक बेस मिळतो. ऐकायला वाईट नाही, पण कुठेतरी ऐकलेला.

यादृच्छिकपणा वाढवून हा पेच सुटत नाही. तसं केलं की ठोके इकडेतिकडे सांडतात आणि पाय थांबतो. २०१४ साली मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना कमी, मध्यम आणि खूप सिंकोपेशन असलेले ड्रमचे ठेके ऐकवले होते. नाचावंसं सर्वात जास्त वाटलं ते मध्यम ठेक्यांवर. फार कमी झालं तर कंटाळा, फार झालं तर मूळ ठोकाच हरवतो. जॉप्लिनचा डावा हात याचसाठी घड्याळासारखा चालतो.

दुसरा मुद्दा वर्णनांचा. गूगलनं जानेवारी २०२३ मध्ये म्युझिकएलएम हे मॉडेल मांडताना ५,५२१ तुकड्यांचा एक संच खुला केला. प्रत्येक तुकडा दहा सेकंदांचा, वर्णनं संगीतकारांनी लिहिलेली. पण शब्दांत लिहिताना माणूस वाद्य, मूड, शैली असंच लिहितो. चौथ्या घरात ठोका आहे असं सहसा कुणी लिहीत नाही. भजनी ठेका आणि सिंकिय्यो गणितात एक असले तरी यंत्र गणितानं नाही, नावानं शोधतं. जे नाव वर्णनांत नाही, ते यंत्राला हाक मारून येत नाही.

मग चौकोनात काय लिहायचं?

मी जॉप्लिनच्या पुस्तिकेची रीत वापरते. विशेषण सोडायचं, जागा सांगायची.

एक, आधी पाय ठरवा. कुठलं वाद्य ठोका धरून राहणार ते लिहा : बास ड्रम प्रत्येक मात्रेवर, स्थिर. दोन, मोडणारं वाद्य एकच ठेवा, निदान सुरुवातीला. तीन, मोडण्याची जागा सांगा : बेस पहिल्या ठोक्यावर गप्प, त्याच्या अर्धी मात्रा आधी येतो, किंवा आठांत तीन-तीन-दोन अशी विभागणी. चार, परंपरा नावानिशी सांगा : १९०० च्या सुमाराचा रॅगटाइम पियानो, क्युबन सोन, न्यू ऑर्लिन्सची मिरवणूक. पाच, वेग आकड्यात लिहा आणि कमी ठेवा. भरधाव गाण्यात मधल्या फटी ऐकू येत नाहीत. यंत्र दर वेळी ऐकेलच असं नाही, कारण त्याला घरं मोजता येत नाहीत. पण एका विशेषणापेक्षा या पाच ओळींनी निकाल स्पष्टपणे बदलतो. ज्या अ‍ॅपमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग चढवता येतं तिथे तर टेबलावर बोटांनी ठेका वाजवून द्यावा. शब्दांपेक्षा ते नेमकं असतं.

चौथी सूचना मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तिचा संबंध फक्त निकालाशी नाही. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआय-संगीत कंपन्यांवर खटले भरले. त्यांत फिर्यादी कंपन्या होत्या, ड्रमर नव्हते. ठेका पुन्हा नव्या माध्यमात चाललाय आणि हिशेबात वाजवणारा पुन्हा नाही.

हे तंत्रज्ञानामुळे अटळ आहे असं मात्र म्हणता येत नाही. २०१९ साली गूगलच्याच मॅजेन्टा या गटानं यंत्राला ड्रमचा 'हात' शिकवण्यासाठी १३.६ तासांचं वादन जमवलं. इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, प्रत्येक ठोक्याची वेळ आणि जोर नोंदवून. त्यातलं बहुतेक वादन पैसे देऊन बोलावलेल्या व्यावसायिक ड्रमरांचं होतं. १८९९ चा एक सेंट असो की हे मानधन, दोन्ही ठिकाणी कुणीतरी ठरवलं म्हणून ते झालं. कोलमनच्या बाबतीत कुणी ठरवलं नाही.

ढोलकी, संबळ, पखवाज, हलगी यांचं असं नोंदवलेलं वादन उद्या कुणी ना कुणी जमवणार आहे. ते जमवणाऱ्यांत माझ्या पेशातली मुलंमुली असणार. तेरा-चौदा तासांचं वादन हे काही आवाक्याबाहेरचं काम नाही. वादकांना बोलवावं, तासाचे पैसे द्यावेत, कोण काय वाजवतंय ते नावासकट फाइलमध्ये लिहावं, आणि वर्णनात 'सिंकोपेटेड इंडियन बीट' न लिहिता ठेक्याचं खरं नाव लिहावं. फाइलमध्ये त्यासाठी एक रकाना जास्त लागेल. तो पहिल्या दिवशीच ठेवावा, कारण नंतर तो भरता येत नाही. काँगो स्क्वेअरच्या चित्रांशेजारी तो आजही कोराच आहे.